दोन सह्यांचा कुत्रा

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार
दुकानातून, दुपारी

प्रिय ढब्बू,

तुला, भावजयबाईंना आणि चिऊला अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून ज्या टेबलावर एरवी कुत्री उभी असतात त्यावरच कागद पसरून बसले आहे. कागदाला एखादा केस चिकटून आला तर झटकून टाक, दुकानाची निशाणी समज.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचला. अकरा वर्षांत तुझ्याकडून नवीन वर्षाची कार्डं आली, चिऊ झाली तेव्हा एक फोटो आला, पण चार पानी पत्र हे पहिलंच. आणि तेही कशाबद्दल, तर कुत्र्याबद्दल! चिऊला नवव्या वाढदिवसाला कुत्रा हवाय. तुला अजून अल्सेशियनच हवा. भावजयबाईंना मांडीवर मावणारा पॉमेरेनियन. चिऊला कुठलाही चालेल, फक्त तो तिच्या पांघरुणात झोपला पाहिजे. माणसं तीन आणि पक्षही तीन. शेवटी तू लिहितोस, "ताई, तू सव्वीस वर्षं कुत्री धुतेस. आता तूच निकाल दे." ही ओळ लिहिताना तुला हसू आलं की राग, ते मला कळलं नाही. दोन्ही आलं असेल असं धरून चालते.

तर ऐक. माझं सगळं शास्त्र आंघोळीचं आहे. कोरडा कुत्रा मालकाला दाखवायचं तेवढंच दाखवतो. अंगावर पाणी पडलं की खरा कोण ते कळतं.

तुझा अल्सेशियन पाण्याखाली शिपायासारखा उभा राहतो, जराही हलत नाही. पण सगळा वेळ तुमच्याकडे असा बघतो की आपण त्याचा काही अपराध केलाय, आणि तो ते पुढच्या महिन्यापर्यंत विसरत नाही. शिवाय तो एकाच माणसाचा होतो. तुमच्या घरात तो माणूस तू होशील. तू दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरणार, आणि तो दाराकडे तोंड करून बसणार. चिऊच्या वाट्याला त्याची पाठ येईल.

पॉमेरेनियन ओला झाला की मुठीएवढा उरतो, बाकी सगळा थाट. जीव लावतो, नाही म्हणत नाही. पण लिफ्टची घंटा वाजली की भुंकतो. चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या समोरच्या घरात, तेही लिफ्टवाल्याच्या! भावजयबाईंना म्हणावं, विचार करा.

लॅब्राडोर सगळेच सुचवतात. मलाही आवडतो. माझ्याकडे येणारा एक आंघोळीचं पाणी पितो, एकाने माझा अख्खा स्पंज गिळला होता आणि वर शेपूट हलवत उभा होता. प्रेमळ इतका की चोर आला तर कपाटही उघडून दाखवेल. बीगलचं नाक पुढे धावतं आणि अक्कल मागून येते. डॅशंडची पाठ नाजूक, चिऊने उचलला आणि धपकन ठेवला तर दुखणं जन्माचं. हस्की तुमच्या तीन खोल्यांत ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आणि तुमच्या गालिच्यावरही. पूडल मात्र लोक समजतात तसा नखरेल नसतो. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात हुशार तोच, आणि तो केस फारसे गाळत नाही. हे केसांचं लक्षात ठेव, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

बघ, इतकं लिहून मी निकाल दिलाच नाही. सवय जात नाही माणसाची.

तुला आठवतो का आपला आठवड्याचा कुत्रा? परवा ड्रायर चालू होता, खिडकीतून ऊन आत आलं होतं, हवेत केस तरंगत होते, आणि मला उभ्याउभ्या गुंगी आली. त्या गुंगीत आपल्या जुन्या घराचा जिना दिसला, आणि पायरीपायरीवर एकेक कुत्रा बसलेला. आपण तीन वर्षं पाळलेले, कधीच नसलेले. रविवारी पाळी लागायची, एक आठवडा तुझी, एक माझी. ज्याची पाळी त्याच्या आवडीचा कुत्रा आठ दिवस घरात. दारापाशी पाण्याचं भांडं. बाबांनी पुस्तकांच्या पाठीला लावायच्या चामड्यातून शिवलेला पट्टा. तो रिकामा पट्टा धरून तू कोपऱ्यापर्यंत जायचास, आणि दिव्याच्या खांबापाशी थांबायचास, त्याला थांबायचं असेल म्हणून. बाबा बांधणीची पुस्तकं घेऊन आत येताना उगाच मोठा पाय टाकायचे. "अरे, याची शेपूट तुडवली असती मी!" आई म्हणायची, "केस किती गाळतो मेला," आणि स्वच्छ जमिनीवरून केरसुणी फिरवायची.

आणि ती वही. बाबांची अट. जातीचं नाव लिहायचं, खाली सही करायची. एका नावाखाली दोघांच्या सह्या झाल्या की दुसऱ्याच दिवशी खरा कुत्रा. तीन वर्षांत एकाही नावाखाली दोन सह्या टिकल्या नाहीत.

माझ्याकडे सध्या एक पाहुणा आहे, चार वर्षं झाली. नाव साहेब. पहिल्यांदा आला तो सरळ आत येऊन सगळ्या बादल्या तपासून गेला, म्हणून साहेब. त्याची जात कुणालाच सांगता येत नाही. एक कान उभा, एक पडलेला. आपल्या वहीत गुण दिले असते तर नापास झाला असता. घोरतो, मोजे पळवतो, छत्रीला घाबरतो. आत्ता माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपलाय.

बाकी विशेष काही नाही. एप्रिलपासून दुकान बंद करते आहे. हात थकले, दुसरं काय. वरच्या खोलीत राहीन, वाचन करीन. चिऊला गोड पापा.

तुझी,
ताई


दि. ३ मार्च, मंगळवार

प्रिय ढब्बू,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले, आणि रोज त्याच दोन ओळींपाशी मी अडकत होते.

एक ओळ तू सहज लिहिलीस. चिऊ शेजारच्यांच्या कुत्र्याशी संध्याकाळभर खेळली, आणि घरी आल्यावर तिच्या छातीत बारीक शिटी वाजत होती. भावजयबाई म्हणतात, सर्दी आहे. दुसरी ओळ तू सहज लिहिली नाहीस. "काय ते मत एकदा नक्की ठरव, ताई. त्या वेळेसारखं करू नकोस."

त्या वेळेबद्दलच लिहिते. मी पस्तीस वर्षं हे लिहिलं नाही, आणि आजही मनासारखं लिहिता येईल असं नाही.

तू सहा वर्षांचा होतास तेव्हा आई आठ दिवस घरात नव्हती. ती मावशीकडे गेली आहे असं तुला सांगितलं होतं. ती इस्पितळात होती. गल्लीच्या टोकाला शिंपीणबाई राहायच्या, त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली होती, आई ती बघायला गेली आणि अर्धा तास मांडीवर घेऊन बसली. परत येताना तिला जिना चढवेना. ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी सांगितलं, केसाळ प्राणी घरात आणायचा नाही, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही.

पुढे तुझं सुरू झालं, कुत्रा हवा, कुत्रा हवा. तू जेवायचा नाहीस. आईने बाबांना शपथ घातली. "त्याला सांगू नका. त्याच्या कुत्र्याच्या आड मी आले, असं त्याला आयुष्यभर वाटायला नको." मग बाबांनी ती अट काढली. मला कामाच्या खोलीत बोलावलं. खळीचा वास होता, दाबाखाली पुस्तकं होती, ते माझ्याकडे न बघता दोरा ओवत म्हणाले, "तुमचं दोघांचं कधी एकमत झालंय का? तसंच चालू दे. तू मोठी आहेस, तेवढं बघ." मी दहा-अकरा वर्षांची होते. मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं, ते तुला सांगून कळणार नाही.

म्हणून तू अल्सेशियन म्हणालास की मी डाल्मेशियन म्हणायची. तू डाल्मेशियनकडे वळलास की मी ग्रेट डेन. मला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत तू कंटाळशील. पण आपण आठवड्याचा कुत्रा काढला, आणि सगळ्यांनाच तो इतका आवडला की कुणाला थांबवावंसं वाटेना. आई तर सगळ्यात जास्त रमली. न येणारा कुत्रा तिला सोसत होता ना.

आणि मग तो रविवार. तू नऊ वर्षांचा. मी तेव्हा कॉकर स्पॅनियलचा हट्ट धरून बसले होते, कारण तुला त्याचे लोंबते कान मुळीच आवडायचे नाहीत, म्हणजे धोका नव्हता. तू वही घेऊन आलास. माझ्या सहीखाली तू आधीच सही करून आणली होतीस, इतक्या जोरात की कागद खरवडला होता. म्हणालास, "ताई, तुझाच. मला चालेल. मला कुठलाही चालेल, मला फक्त खरा हवाय."

मी तुझ्या हातातून पेन घेतलं आणि माझी सही खोडली. म्हटलं, "मला नाही आवडत आता स्पॅनियल. मला बुलडॉग पाहिजे."

तू पट्टा घेऊन एकटाच कोपऱ्यापर्यंत गेलास. त्या दिवशी खांबापाशी थांबला नाहीस. नंतर तू कधी खेळायला आला नाहीस, आणि दारातलं पाण्याचं भांडं आईने एका सकाळी उचलून ठेवलं. ती त्या दिवशी रडली, मी पाहिलंय. पण माझ्याशी त्याबद्दल कधी बोलली नाही. मी बरोबर केलं असंही म्हणाली नाही.

अकरा वर्षांपूर्वी आई गेली त्या आठवड्यात स्वयंपाकघरात तू म्हणालास, "या घरात मला एक कुत्रासुद्धा मिळाला नाही, तुझ्या आडमुठेपणामुळे." पाहुणे होते, सगळ्यांनी ऐकलं. मी तेव्हा सांगू शकले असते. पण आईला जाऊन चारच दिवस झाले होते आणि तिचा शब्द मोडायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, "तू आयुष्यभर कुत्र्यावरच अडकून बसणार आहेस का?" त्याच संध्याकाळी तू निघून गेलास. मला अजून त्या वाक्याची लाज वाटते.

लोक विचारतात, हा धंदा कसा निवडला. मी सांगते, जागा स्वस्तात मिळाली. खरं ते नाही. तुझ्या वाट्याचे सगळे कुत्रे एकदा तरी माझ्या हाताखालून जायला हवे होते. पहिला स्पॅनियल टेबलावर उभा राहिला तेव्हा मी त्याला दीड तास आंघोळ घातली. त्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, अहो, पुरे.

आता दुकानाचं. हात थकलेले नाहीत. गेल्या दीड वर्षापासून माझ्या छातीत शिटी वाजते. आईची तीच. छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, काटा अर्ध्यावरसुद्धा जाईना. विचारलं, कुत्र्यांत किती वर्षं? म्हटलं, सव्वीस. म्हणाले, "बाई, पुरे आता. दुकान बंद, पडदे, गाद्या, गालिचे सगळं बदला, आणि घरात एकही केसाळ प्राणी नको." तो केसाळ प्राणी त्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर माझी वाट बघत बसला होता, पडलेला कानसुद्धा उभा करून.

म्हणून मागच्या पत्रात साहेबाला मध्येच आणला. उगाच नव्हता आणला. मला वाटलं होतं, तू विचारशील, दुकान बंद झाल्यावर त्याचं काय. मग मी म्हणेन, बघ बुवा, तुला कुत्रा हवाय आणि माझ्याकडे एक आहे. मोठी हुशार समजते मी स्वतःला! इथे चार जणांना विचारून झालं. सगळ्यांना पिल्लू हवंय, आणि ठरलेल्या जातीचं. आठ वर्षांचा, एका पडलेल्या कानाचा कुणाला नको. मार्च संपायच्या आत त्याला घर मिळालं नाही तर त्याला गावाबाहेरच्या पिंजऱ्यांच्या जागी ठेवावं लागेल. मी जाऊन बघून आले. तिथली माणसं चांगली आहेत. पण साहेब तिथे कुणाच्या पायावर हनुवटी ठेवणार?

पण आता तू चिऊच्या शिटीचं लिहिलंस, आणि माझा डाव मीच मोडते आहे. ढब्बू, तिला आधी छातीच्या डॉक्टरांकडे ने. सर्दी म्हणून सोडून देऊ नकोस. आजीचं आणि आत्याचं सगळं सांग, नळीत फुंकायला लाव. तिची छाती आईच्या वळणाची निघाली तर कुठलीच जात तिच्यासाठी चांगली नाही, पूडलसुद्धा नाही. मग तिला खरं काय ते सरळ सांग. नऊ वर्षांच्या पोरीला कळतं. तुलाही कळलं असतं. आम्ही तिघांनी मिळून जी चूक केली ती एवढीच, की तुला लहान समजलो.

साहेबाचं मी बघेन. तू त्याचा विचार मनात आणून डॉक्टरांना घाई करू नकोस.

रागावला असशील तर राग लिहून पाठव. कार्ड पाठवू नकोस.

तुझीच,
ताई


दि. २४ मार्च, मंगळवार

प्रिय ढब्बू,

काल तुझं पुडकं मिळालं. आधी वाटलं, कार्डच असणार, जाडसर. उघडलं तर पट्टा.

मी तो बाबांच्या खणात शोधला होता रे, घर रिकामं करताना. खळीच्या डब्यांमागे, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांत, सगळीकडे. मला वाटलं, कुणीतरी कचऱ्यात टाकला. तो तुझ्याकडे होता, आणि नुसता होता असं नाही. चामडं मऊ आहे, कडीला गंज नाही, तेलाचा वास ताजा आहे. इतकी वर्षं तू त्याला तेल लावत होतास आणि मला नवीन वर्षाची छापील कार्डं पाठवत होतास. मी दुकानाच्या पायरीवर बसून खूप रडले. मग दम लागला, मग पंप घेतला, मग पुन्हा रडले. साहेब आधी पट्टा हुंगत राहिला, मग मला.

तू एक ओळही लिहिली नाहीस. नसेल जमलं. सोबतचा चिऊच्या डॉक्टरांचा कागद मी तीनदा वाचला, शेवटची ओळ बोट ठेवून वाचली. छाती स्वच्छ, शिटी सर्दीचीच, कुत्रा ठेवायला हरकत नाही, मात्र तीन महिन्यांनी पुन्हा फुंकायला आणा. भावजयबाईंचं बरोबर होतं, त्यांना माझ्यातर्फे सांग. तीन महिन्यांचं मात्र विसरू नकोस, मी तारीख लिहून ठेवली आहे. आणि चिऊची चिठ्ठी! "आत्या, साहेब लिफ्टला घाबरतो का? बाबा म्हणतात घाबरला तर आम्ही त्याच्याबरोबर जिन्याने येऊ. आम्ही रविवारी गाडी घेऊन येतोय. बाबा रोज नकाशा बघतात." नकाशा काय बघतोस, रस्ता अकरा वर्षांपूर्वीचाच आहे.

लिफ्टचं माहीत नाही, कधी बसला नाही. छत्री मात्र दारामागे ठेवा. मोजे उचलून ठेवा, एक हरवला तर तुझ्याच बुटात मिळेल. तो घोरतो हे चिऊला आधीच सांग, पांघरुणात घेतल्यावर तक्रार नको. भावजयबाईंच्या मांडीवर तो मावणार नाही, पण डोकं तेवढं ठेवेल, आणि मग त्यांना उठता येणार नाही. आंघोळ महिन्यातून एकदा, पाणी कोमट, डोक्यावर शेवटी. ओला झाला की तो कसा दिसतो ते तूच बघ. मी सांगत नाही.

पट्टा त्याच्या गळ्याला सैल होत होता. बाबांनी तुझ्या अल्सेशियनच्या मापाने शिवला होता ना. मी बाबांच्याच टोच्याने एक भोक वाढवलं. बरोबर बसला. काल संध्याकाळी तो बांधून आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. हात पट्ट्याची जुनी ओढ विसरला नव्हता, म्हणजे नसलेली ओढ. त्यामुळे त्याने खरोखर ओढलं तेव्हा मी दचकले. दिव्याच्या खांबापाशी तो थांबला. मीही थांबले. ऊन उतरत होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि मला वाटलं, मागे बाकीचेही सगळे आहेत. डाल्मेशियन, ग्रेट डेन, लोंबत्या कानांचा तो स्पॅनियल, सगळे रांगेने उभे, याचं उरकायची वाट बघत. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते निघून गेले असते.

मला त्याला बाहेर, मोकळ्या हवेत भेटता येईल, डॉक्टरांना विचारलं मी. तुमच्या घरासमोर बाक आहे असं चिऊ लिहिते. मी वाऱ्याच्या बाजूने बसेन.

रविवारी तू समोर आलास की मला बोलता येणार नाही, आणि तुलाही नाही, म्हणून एक गोष्ट आजच पाठवते. वही माझ्याकडे होती. पट्टा तुझ्याकडे आणि वही माझ्याकडे, बघ कशी वाटणी झाली होती! तिचं शेवटचं कोरं पान सोबत आहे. जातीच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्याचं नावच लिहिलं. खाली माझी सही आहे. तिच्याखाली जागा ठेवली आहे. सावकाश कर, कागद जुना आहे, जोर दिलास तर फाटेल.

या वेळी मी मत बदलणार नाही.

तुझी,
ताई